‘रन’ची पळापळ

इंग्लंड-अमेरिकेतल्या पोरांचा फोनवरून करायचा एक जुना वात्रटपणा आहे. कुणाचाही नंबर फिरवायचा, आवाज जाड करायचा आणि विचारायचं, ‘तुमचा फ्रिज रनिंग आहे ना?’ पलीकडचा भाबडेपणाने ‘हो’ म्हणाला की ओरडायचं, ‘मग बघत काय बसलाय? पकडा त्याला!’ आणि फोन आपटायचा. हा विनोद मराठीत करून बघा. जमणार नाही. आपला फ्रिज पळत नाही, तो चालू असतो. आणि चालणाऱ्याला पकडण्यात काय मजा?

इंग्रजाच्या घरात मात्र सगळ्यांचीच पळापळ. नळ पळतो, नाक पळतं, धुतलेल्या शर्टाचा रंग पळतो, अंगात ताप पळतो, घरासमोरचा रस्ता जागेवरून न हलता गावापर्यंत पळतो. साखर संपली की तीही ‘रन आउट’. पोट बिघडलं तर त्या आजाराचं बोलीतलं नावच ‘द रन्स’. याचं भाषांतर करायची गरज नाही, ज्याने भोगलंय त्याला कळतं. एवढं सगळं घर पळत असताना मालक स्वतः आरामखुर्चीत बसून कंपनी ‘रन’ करतो.

गादीवरचा राजा

हे अर्थ कुणीतरी बसून मोजले आहेत, हे विशेष. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने २०११ साली ‘रन’ची नोंद नव्याने प्रसिद्ध केली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. नामाचा हिशेब वेगळा. पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराचे या एका शब्दापायी नऊ महिने गेले. घरच्यांनी ‘आज काय केलंस?’ विचारलं की रोज एकच उत्तर.

त्याआधी गादीवर ‘सेट’ होता. १९८९ च्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची नोंद सर्वांत लांब होती : ४३० अर्थ, सुमारे साठ हजार शब्द. एका शब्दाची माहिती सांगायला एक अख्खी कादंबरी. पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम निघालं. संपादकांनी सुरुवात ‘ए’पासून न करता ‘एम’पासून केली आणि अक्षरांच्या ओळीने राजे बदलत गेले. २००० साली ‘मेक’ने सेटला खाली खेचलं, २००७ साली ‘पुट’ने मेकला, आणि २०११ साली ‘रन’ सगळ्यांना मागे टाकून गेला. तेव्हा सामान्यज्ञानाच्या जुन्या पुस्तकात ‘सर्वांत जास्त अर्थांचा इंग्रजी शब्द कोणता?’ या प्रश्नाचं उत्तर ‘सेट’ छापलेलं दिसलं तर ते चूक म्हणू नका, शिळं म्हणा.

या कोशाची मूळ कल्पना १८५७ सालची, लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीतली. त्याच वर्षी मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती छापून बाहेर पडली. आपला कोश दुकानात आला होता, त्यांचा अजून चर्चेत होता. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी संपादकपद घेतलं तेव्हा काम दहा वर्षांत उरकायचं ठरलं होतं. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, पहिला भाग निघाला आणि तो ‘ए’पासून जेमतेम ‘अँट’पर्यंत पोहोचला होता. मुंगीपर्यंत यायला पाच वर्षं, तीही मुंगीच्याच पावलांनी. मरे १९१५ मध्ये गेले. कोश पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं.

पण रनच का जिंकला? माझं मत विचाराल तर यंत्रांमुळे. ‘सेट’ म्हणजे ठेवणं, मांडणं, बसवणं. बैठ्या जगातलं काम. नंतर वाफेची इंजिनं आली, आगगाड्या, गिरण्या, मोटारी, विजेचे पंखे आले. यातलं काहीही हललं की इंग्रजीत ते ‘रन’ होऊ लागलं. शेवटी संगणक आला. १ मे १९६४ च्या पहाटे चारच्या सुमाराला, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात, नव्या कोऱ्या ‘बेसिक’ भाषेतला प्रोग्रॅम सुरू करायला दोन टर्मिनलांवर एकच आज्ञा टाइप झाली : रन. महाराष्ट्र राज्य त्या दिवशी चार वर्षांचं झालं होतं. पुढे आपल्याकडेही शाळांत संगणक आले, तेव्हा पोरांनी हीच तीन अक्षरं बडवली, आणि आज आपण मराठीत निर्धास्त म्हणतो, ‘प्रोग्रॅम रन होत नाहीये.’

रीतसर नातं

नळ आणि नाक पळण्यात वाटतं तेवढं नवल नाही. ‘रन’च्या मुळाशी पायांइतकंच पाणी आहे. त्याचा जर्मन भाऊ ‘रिनेन’ आजही पाण्याच्या ओघळण्याला, वाहण्यालाच वापरतात. भाषांची वंशावळ लावणारे ही शाखा आणखी मागे नेतात, वाहणं या अर्थाच्या एका प्राचीन मुळाशी. ऱ्हाइन नदीचं नाव तिथलंच मानतात, आणि आपल्या बाजूला संस्कृतातली ‘रीति’ही. रीति म्हणजे आधी ओघ, प्रवाह. मग वळण, पद्धत. तेव्हा इंग्रजांचा रन आणि आपली जनरीत लांबची चुलत भावंडं निघतात. रीतसर ओळख मात्र कुणी करून दिली नव्हती.

या पाणीदार अर्थामुळे अमेरिकेत कित्येक ओढ्यांच्या नावातच ‘रन’ असतं. व्हर्जिनियातल्या अशाच एका ओढ्याचं नाव बुल रन. २१ जुलै १८६१ ला तिथे अमेरिकन यादवी युद्धाची पहिली मोठी लढाई झाली. वॉशिंग्टनची काही प्रतिष्ठित मंडळी खाण्याच्या टोपल्या घेऊन बग्ग्यांतून ती बघायला गेली होती. उत्तरेचं सैन्य हरलं, शिपाई माघारी पळाले आणि त्यांच्या गर्दीत ही सहलीला आलेली मंडळीही सापडली. बुल रनवर खरोखरच रन झाला.

दुसरा बुल रन स्पेनमधल्या पाम्प्लोना गावचा, दर जुलैत सान फर्मिनच्या उत्सवातला. तिथे बैल खरे, शिंगं खरी, आणि पुढे पळणारी माणसंही खरी. तिसरा दलाल स्ट्रीटवरचा. बाजार महिनोन् महिने चढत राहिला की त्याला ‘बुल रन’ म्हणायचं. एक ओढा, एक उत्सव आणि एक तेजी. तिन्ही ठिकाणी माणसं वेळेवर बाजूला न झाल्यानेच जायबंदी होतात.

इंग्रज पळतो तिथे आपण चालतो

आता जरा मराठी बाजू. इंग्रजी जिथे पळवते, तिथे मराठी बहुतेक वेळा नुसती चालवते. गाडी चालते, घड्याळ चालतं, दुकान चालतं, सरकार चालतं (कसं, हा वेगळा प्रश्न). खटला चालतो, संसार चालतो, जुनी नोट चालते किंवा चालत नाही, एखाद्याचं डोकं चालतं, कुणाची जीभ जरा जास्तच चालते. आणि जगातल्या कुठल्याही प्रस्तावावरचं आपलं सर्वात छोटं उत्तर : चालेल. इंग्रजाने ६४५ अर्थ धापा टाकत गोळा केले, आपण रमतगमत निम्मं जग कव्हर केलं. इंग्रजी पाहुणा ‘फ्लाइंग व्हिजिट’ देतो तेव्हा मात्र आपण थोडे घाईत असतो. त्याची उडती भेट मराठीत ‘धावती भेट’ होते.

नाटकाचंही तसंच. लंडनमध्ये नाटकाचा ‘रन’ असतो. अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ १९५२ पासून लंडनच्या वेस्ट एंडमध्ये सुरू आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनाने पडदा पाडला तेवढाच खंड. आपल्याकडे नाटकाचे ‘प्रयोग’ होतात, आणि ते मोजले जातात नाटकाचेही आणि नटाचेही. प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये आपला १२,५०० वा प्रयोग केला. हा आकडा लंडनवाल्याला समजावून सांगा. त्यातही तो कधी पुण्यात, कधी ठाण्यात, कधी नागपुरात. इथे नाटक रन करतं ते खरोखर बसमधून.

पाश्चात्त्य संगीतात भराभर घेतलेल्या स्वरांच्या लडीला ‘रन’ म्हणतात. आपण तिला तान म्हणतो. आणि नदीत अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध निघालेल्या सामन माशांची ती ‘सामन रन’. पहिल्या पावसात ओढ्यानाल्यांतून वर सरकणाऱ्या माशांना कोकणात चढणीचे मासे म्हणतात. त्यांच्याबद्दल अधिक माहिती टोपली घेऊन रात्री ओढ्यावर जाणाऱ्यांनाच विचारावी.

धाव घेण्याआधीची धाव

क्रिकेटमधला रन हा या शब्दाचा सर्वात आळशी अर्थ. चौकार मारा, चार रन. षटकार मारा, सहा. पळायचं नावच नको. वाइड पडला तर बॅटही हलवावी लागत नाही. उलट जीव तोडून पळालात आणि बॅट रेषेपलीकडे टेकली नाही, तर ‘शॉर्ट रन’ म्हणून अंपायर ती धाव कापून घेतो. पूर्वी इंग्लंडात रनला ‘नॉच’ म्हणजे खाच म्हणत, कारण धावा लिहीत नसत, काठीवर चाकूने खाचा पाडत.

मराठीने रनला ‘धाव’ केलं आणि मग धावफलक, धावबाद, धावगती अशी सगळी प्रजा जन्माला घातली. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनाने हे शब्द घराघरांत मुरले. त्या समालोचनालाही ‘धावतं’ म्हणायचे. बोलणारा खुर्चीत, ऐकणारा खुर्चीत, धावते ते फक्त शब्द.

पण क्रिकेट येण्याआधी धाव गावात रिकामी बसलेली नव्हती. बैलगाडीच्या लाकडी चाकावर बसवतात त्या लोखंडी पट्टीला धावच म्हणतात. लोहार ती गोल पट्टी लालबुंद होईतो तापवतो, दोघंतिघं चिमट्यांनी धरून ती चाकावर चढवतात, लाकूड धुमसायला लागतं, आणि लगेच वर पाणी ओतायचं. चर्र आवाज, वाफ, आणि थंड होताना आकसलेली धाव चाक असं काही आवळते की आरे करकरतात. दुसरी धाव विहिरीची. मोट ओढणारे बैल ज्या उतारावरून खाली जात, ती. बैल उताराला लागले की भरलेली मोट वर येई. इंजिनं आली, मोटा गेल्या. पण जुन्या विहिरींच्या तोंडाशी तो उतार आजही दिसतो आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचं नाव माहीत असतं. तिसरी धाव सरड्याची, ती कुठपर्यंत असते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

क्रिकेटमध्ये जखमी फलंदाजासाठी पळायला दुसरा माणूस मिळे, त्याला ‘रनर’ म्हणत. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून हा रनर १ ऑक्टोबर २०११ पासून हद्दपार झाला. ज्या वर्षी ऑक्सफर्डने रनला गादीवर बसवलं, त्याच वर्षी आयसीसीने रनरला मैदानाबाहेर काढलं.

रनर आणखीही झाले, त्यातला एखादा अजून कामावर आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये चोर पकडणारे ‘बो स्ट्रीट रनर्स’ होते. ती टोळी उभी केली हेन्री फील्डिंगने, जो कादंबरीकारही होता आणि न्यायाधीशही. आपल्याकडे डाकेच्या थैल्या घेऊन रानावनातून पळणारा हरकारा इंग्रजी दप्तरात ‘रनर’ म्हणून लागे. हातात भाला, भाल्याला घुंगरं. आजचा मराठी रनर भेटतो तो महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यात. परदेशातून आणलेल्या रोपाला तिथला शेतकरी ‘मदर प्लांट’ म्हणतो. त्या रोपातून एक बारीक दोरीसारखी फूट जमिनीलगत सरपटत पुढे जाते, तिच्या गाठीला मुळं फुटतात आणि नवं रोप तयार होतं. ती फूट म्हणजे रनर. आई विमानाने येते, मुलं सरपटत पसरतात.

उभा राहिला, पडला

अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो. ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो. मराठी इथे सरळ ब्रिटनच्या बाजूची : उमेदवार निवडणुकीला उभा राहतो. आणि उभा राहतो म्हणूनच तो पडू शकतो. ‘गेल्या वेळी पडला’ या आपल्या वाक्यातली चव अमेरिकन राजकारणाला मिळायची नाही. तिथे फार तर धाप लागते.

अमेरिकेच्या या धावत्या राजकारणाचा शब्दसंग्रह तबेल्यातून आलेला आहे. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला ‘रनिंग मेट’ म्हणतात. मुळात हा शब्द दुसऱ्या घोड्याला वेग धरून देणाऱ्या जोडीदार घोड्याचा. ‘फ्रंट-रनर’ही रेसकोर्सवरचा. ‘ऑल्सो रॅन’ म्हणजे शर्यतीच्या निकालात पहिल्या क्रमांकांखाली एका ओळीत उरकलेले घोडे : हेही पळाले होते. आणि ‘रनर-अप’ तर कुत्र्यांच्या शर्यतीतला, फक्त शेवटची फेरी हरलेला कुत्रा. गणेशोत्सवातल्या कॅरम स्पर्धेची रनर-अप ट्रॉफी ज्यांच्या शोकेसमध्ये आहे त्यांनी हे मनाला लावून घेऊ नये. मराठी ‘उपविजेता’ जास्त सभ्य शब्द आहे, ट्रॉफीवर तोच कोरून घ्यावा.

सर्वात वाईट रन बँकेवरचा. ठेवीदारांचा विश्वास उडतो, सगळे एकदम पैसे काढायला येतात आणि चांगली चालणारी बँकही आडवी होते. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक अशी कोसळली. त्यानंतर १९६२ पासून आपल्याकडे ठेवींना विम्याचं संरक्षण आलं, ते सध्या एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाख रुपये आहे. पूर्वी या रनची रांग रस्त्यावर दिसायची. ९ मार्च २०२३ ला अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायच्या मागण्या आल्या, त्या बहुतेक मोबाइल आणि संगणकांवरून. पळायला कुणी घराबाहेरही पडलं नाही.

कारागिरांचा रन

शब्दकोशवाले काहीही म्हणोत, ‘रन’चे अस्सल मराठी अर्थ मला ऑक्सफर्डमध्ये सापडायचे नाहीत, ते साइटवर सापडतात. सरकारी कंत्राटदार काम संपायची वाट बघत नाही, तो मध्येच ‘रनिंग बिल’ टाकतो आणि मग बिल सोडून तोच पळत असतो, या टेबलावरून त्या टेबलावर. चाकणच्या कारखान्यांत ‘मिल्क रन’ चालते : एकच ट्रक पाच-सहा पुरवठादारांकडे फिरून थोडे थोडे सुटे भाग गोळा करत येतो. दुधाचा थेंब नाही. रेल्वेची ‘रनिंग रूम’ ही तर पळायची नव्हे, झोपायची खोली. गाडी घेऊन आलेला लोको पायलट परतीच्या ड्यूटीआधी तिथे आडवा होतो. मुंबईत ‘रनिंग’ म्हणजे सुरू झालेली लोकल, आणि ‘रनिंगमध्ये चढलो’ हे वाक्य अभिमानाने सांगितलं जातं. सांगणारा जिवंत असतो म्हणून सांगतो. चढू नका.

२ जानेवारी २०२१ ला देशभर लसीकरणाचा ‘ड्राय रन’ झाला. त्यासाठी आपल्याकडे नाटकवाल्यांची ‘रंगीत तालीम’ तयारच होती. इंग्रजांचा रन कोरडा, आपली तालीम रंगीत.

शिवणकामातल्या ‘रनिंग स्टिच’ला मराठीत फार सुंदर नाव आहे, धावदोरा. सुई कापडात एकदा खाली, एकदा वर, थांबायचं नाही. अख्खी गोधडी याच टाक्यावर उभी राहते. ‘रन’चं इतकं नेमकं मराठी दुसरं झालेलं नाही, असं माझं मत आहे.

आणि शेवटी सगळ्यात महागडा मराठी रन : ‘रनिंग फूट’. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या, कपाटं, कंपाउंडची जाळी, सगळ्याचे दर कारागीर रनिंग फुटात सांगतो. म्हणजे रुंदी-उंचीचा विचार न करता नुसती लांबी मोजायची. सरळ भिंतीला हे ठीक. पण तुमचा ओटा इंग्रजी ‘एल’च्या आकाराचा असेल तर कोपऱ्याची दोन फूट लांबी या बाजूलाही धरली जाते आणि त्या बाजूलाही. तेव्हा अॅडव्हान्स देण्याआधी टेप हातात घ्या आणि एवढंच विचारा : कोपरा एकदा मोजलाय की दोनदा?